हार्मोनियम पेटी, आतून मखमल

१६ जानेवारी, सकाळ

ऑनलाइन लिलावात वाद्ये घेणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो! तुम्ही बंगालचे असा, पंजाबचे असा, नाहीतर शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याचे असा, आपले दुःख एकच आहे. वाद्य स्वस्त, आणि ते दारात आणायचे भाडे वाद्याहून महाग! हे आपण किती दिवस सहन करायचे?

समोर कोणी नाही. वहीच आहे. पण चांगली सुरुवात सुचली की उतरवून ठेवावी. संधी येते.

पार्श्वभूमी. सौ. दिवाळीनंतर सणसवाडीला गेल्या. आमचा मुलगा सत्यजीत आणि सून रश्मी तिथे कंपनीत आहेत. दोघांच्या शिफ्ट, आणि नात म्हाळसाला बघायला कोणी नाही. आठ दिवसांचे ठरले होते. मग संक्रांतीचे ठरले. संक्रांतीला सौ. आल्या नाहीत, फोन आला. म्हणाल्या, तिळगूळ घ्या, गोड बोला, आन् थोडं कमी बोला. मग म्हणाल्या, माझी पेटी तेवढी पाठवून द्या, इथं खोलीत सगळं उघड्यावर पडतंय.

पेटी!

लग्नात सौ.नी माहेरहून हार्मोनियम आणली होती. संध्याकाळी वाजवत. पुढे एका सत्काराला उत्तर देताना मी ती व्यासपीठावरून शाळेला देऊन टाकली. प्रचंड टाळ्या. सौ. पहिल्या रांगेत होत्या, त्यांनीही वाजवल्या असणार. त्यानंतर पेटीविषयी चकार शब्द नाही, आणि आता एकदम हे. 'सगळं उघड्यावर पडतंय.' मनाची अवस्था मीही इतक्या थोडक्यात मांडू शकलो नसतो.

संकल्प: सौ.ना उत्तम हार्मोनियम घेऊन देणे. सूर लागला की माणूस घरी येते.

दुपारी चादर शोधताना पलंगाखालच्या सौ.च्या पत्र्याच्या ट्रंकेवर अंगठा आपटला. रक्त आले. काही वाटले नाही.

वाचन: पान चौदा.

१८ जानेवारी

शेजारचा गेणबा दूध घालायला आला. त्याला योजना सांगितली. म्हणाला, आप्पा, दौंडला दुकान हाय की वाद्यांचं. एसटीत बसा, पेटी घ्या, मांडीवर धरा, घरी या. त्यात लिलाव कुठनं काढला?

त्याला समजावले की दुकानात किंमत दुकानदार ठरवतो, म्हणून ती हुकूमशाही. लिलावात किंमत जनता ठरवते, म्हणून ती लोकशाही. शिवाय लिलावात बोली लागते, आणि बोलण्यात मला तालुक्यात कोण हरवणार?

गेणबा म्हणाला, ते बी हाय. पण आमचा गजी नाचाचा ढोल गावोगाव खांद्यावरनं जातो. त्याला कवा भाडं पडलं न्हाई.

धनगरांच्या ढोलाची आणि हार्मोनियमची तुलना होऊ शकत नाही, हे त्याला पंधरा मिनिटे सांगितले. दूध उतू गेले. गेणबाने गॅस बंद केला आणि गेला.

२१ जानेवारी

कोलकात्याच्या एका विक्रेत्याकडे उत्तम पेटी सापडली. सागवानी, दुहेरी सूर. बोली सव्वीसशेवर. आनंद झाला असावा.

मग खाली बारीक अक्षरात शिपिंग. साडेतीन हजार! त्याच्याखाली आणखी बारीक: आपला पिनकोड दुर्गम भागात येतो, जादा आकार लागू.

दुर्गम! ज्या न्हावऱ्यातून हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस जातात, जिथून कांदा परदेशी जातो, ते दुर्गम! विक्रेत्याला मराठीत सविस्तर निषेध पाठवला. त्याचे हिंदीत उत्तर आले: दादा, माल भारी है.

उठून दारात उभा राहिलो. रस्त्यावर कोणी नव्हते. क्षणभर गाव दुर्गम वाटले. परत आत आलो.

२४ जानेवारी

कस्टमर केअरला फोन. बोलणारी मुलगी सभ्य होती. तिने सांगितले की भाडे नुसत्या वजनावर नसते, खोक्याच्या आकारावरही असते. लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करतात, पाच हजाराने भागतात, आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त भरले तर तेच वजन धरतात.

मी म्हणालो, ताई, म्हणजे खोक्यातल्या हवेचेही भाडे? ती म्हणाली, जी सर. मी म्हणालो, इंग्रजांनी मिठावर कर लावला, तुम्ही हवेवर लावता! मग मी मिठाच्या सत्याग्रहापासून सुरुवात केली आणि सहकार चळवळीपर्यंत आलो. तिने मध्ये एकदाही तोडले नाही. शेवटी विचारले, सर, और कोई सहायता?

इतके शांतपणे कोणी ऐकून घेतल्याला बरेच दिवस झाले होते. उद्या पुन्हा फोन करावा असे वाटले. कारण सापडले नाही.

संकल्प: हवेचे भाडे देणार नाही. प्राण गेला तरी.

२ फेब्रुवारी

सागवानी पेटी गेली. शेवटच्या मिनिटाला कोणीतरी पन्नास रुपयांनी वर गेला. मी त्या वेळी शिपिंगविरोधात विक्रेत्याला तिसरे पत्र टाइप करत होतो.

काही वाटले नाही. तत्त्व राखले गेले.

चहा केला. साखर विसरलो. प्यालो.

८ फेब्रुवारी

सौ.चा फोन. मागे म्हाळसा रडत होती, कुकर वाजत होता. म्हणाल्या, अहो, पेटीचं काय झालं? मी म्हणालो, प्रयत्न युद्धपातळीवर चालू आहेत. म्हणाल्या, युद्ध कशाला? टेम्पोत टाकायची आन् द्यायची. किल्ली माझ्याकडंच हाय.

या वाक्यावर मी थांबलो. किल्ली! किल्लीला इंग्रजीत 'की'. संगीतात 'की' म्हणजे पट्टी, म्हणजे काळी चार, पांढरी दोन वगैरे. सौ. सातवी शिकलेल्या, आणि त्यांना हे ठाऊक! त्यांची पट्टी त्यांच्याकडेच आहे, ती हरवलेली नाही, असे त्यांना सुचवायचे होते.

पुढे म्हणाल्या, तुमच्यानं होत नसंल तर ऱ्हाऊ द्या. होळीला मीच येते न् घेऊन जाते.

मी ठामपणे सांगितले की अजिबात नाही. तुम्ही एसटीत हाल काढायचे नाहीत. पेटी तुमच्या दारात येईल, हा या आनंदरावाचा शब्द आहे.

सौ.नी आधी कुकर बंद केला. मग बरं म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मला विजयी वाटायला हवे होते.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. यंदाही बोलावणे नाही. चौकात कोणी नवा मुलगा बोलला, मोबाइलवर त्याचे लाख लोक आहेत म्हणतात. घरात बसून ऐकू येत होते. तीन सनावळ्या चुकवल्या. टाळ्या पडल्या.

ट्रंकेवर पुन्हा अंगठा. तोच. ही ट्रंक माळ्यावर टाकली पाहिजे. जड आहे, हलली नाही.

२१ फेब्रुवारी

मातृभाषा दिन. कार्यक्रम नाही, म्हणून कृती केली. मोबाइल संपूर्ण मराठीत करून टाकला. आता लिलावाचे पानसुद्धा आपोआप मराठीत दिसते. शिवाय सूचना मोठ्या आवाजात वाचून दाखवतो, चष्मा लागत नाही. गेणबाला ऐकवले. म्हणाला, बरं झालं आप्पा, घरात कुणीतरी बोलाया लागलं.

२२ फेब्रुवारी, दुपार

सापडली! मराठीचा चमत्कार पहा. इंग्रजीत महिनाभर शोधून जे दिसले नाही, ते मराठीत एका दिवसात. अक्षरशः असे लिहिले आहे: 'हार्मोनियम पेटी, कठीण, आतून मखमल, दोन कड्या, एक मूठ. वजन चार किलो.'

चार किलो! जुन्या पेट्या बारा-पंधरा किलोच्या. विज्ञान कुठे गेले आहे. मखमलीचा उपयोग लगेच ध्यानात आला. त्यामुळे आवाज मऊ होत असणार.

फोटो एकच, बंद पेटीचा. विक्रेत्याला विचारले, आवाज कसा आहे? उत्तर आले: दादा, बिलकुल आवाज नहीं करता. अर्थात भात्याची कुरकुर नाही. प्रामाणिक माणूस.

शिपिंग मात्र आकारावर. म्हणजे पुन्हा हवेचे भाडे. यावर बराच विचार केला. न्हावऱ्याचा पिनकोड टाकला की दुर्गम. सणसवाडीचा टाकला की दुर्गम आकार शून्य. म्हणजे थेट सौ.च्या दारात पाठवली तर एका अन्यायाचा पराभव होतो. दुसरा अन्याय नंतर बघू. हे माघार घेणे नव्हे. सेनापती कधी कधी एक गड देतो.

२५ फेब्रुवारी

दौंडला दशक्रिया. माझे स्नेही जयसिंगराव यांचे वडील. भीमेच्या घाटावर श्रद्धांजलीला अजून मला बोलावतात. मृत्यूच्या क्षेत्रात माझी मागणी टिकून आहे.

अडचण एकच. लिलाव संपायची वेळ सकाळी साडेआठ, आणि माझे नाव पुकारले सव्वाआठला. मोबाइल माइकच्या दांड्याशी ठेवून बोलायला उभा राहिलो. 'हे कुटुंब पोरके झाले' म्हणताना शंभराने वर गेलो. 'काळाने घाला घातला' म्हणताना आणखी शंभराने. लोकांना वाटले मी टिपण बघतोय.

जयसिंगरावांच्या वडिलांचे बालपण संपवून मी त्यांच्या सोसायटीच्या निवडणुकीवर आलो होतो, तेवढ्यात मोबाइल माइकमधून स्पष्ट मराठीत म्हणाला: अभिनंदन! आपण जिंकलात!

जयसिंगरावांनी माझ्याकडे पाहिले. मी प्रसंगावधान राखून म्हणालो, होय, ते जिंकले, मृत्यूवरही जिंकले. काही जणांनी माना डोलावल्या.

पिंडाला कावळा शिवत नव्हता. मी बसलो आणि शिवला. मागून एक म्हातारी म्हणाली, बया, त्यो बी वाटच बघत हुता. योगायोग.

पैसे तिथेच भरले. शिपिंगसकट.

३ मार्च

मोबाइल सकाळी म्हणाला, आपले पार्सल दौंड येथे आहे. पहिल्या एसटीने चौफुला, तिथून दौंड. स्टेशनच्या बाहेर कुरियरचे गोदाम आहे. तिथल्या माणसाला म्हणालो, माझी पेटी आहे, दाखवा तरी. तो म्हणाला, आबा, ती सणसवाडीची गाडी लागलीय, इथं मिळत न्हाई. मी म्हणालो, मला न्यायची नाही, एक स्वर ऐकायचा आहे. तो म्हणाला, सील फोडता येत न्हाई.

मग मी ग्राहकाच्या हक्कांवर बोललो. दहा-बारा लोक जमले. बरे चालले होते. हमाल म्हणाला, आबा, जरा सरका, गाडी रिव्हर्स येतीय.

सरकलो. एक मोठे खोके एका हाताने उचलून त्याने गाडीत टाकले. दुसऱ्या हातात चहाचा कप होता. माझेच असावे. हलकेपणाचा अभिमान वाटला.

परत येताना केडगावला उतरून उगीच स्टेशनवर बसलो. दोन गाड्या गेल्या. घरी जायची घाई नव्हती.

८ मार्च

महिला दिन. शिरूरच्या एका पतसंस्थेने आयत्या वेळी बोलावले, ठरलेल्या बाई आजारी पडल्या म्हणून. विषय: स्त्रीचे मन ओळखा. बेफाम बोललो. म्हणालो, पुरुषांनो, ती काय बोलते ते ऐकू नका, तिला काय म्हणायचे आहे ते ऐका! संचालिका अनुपमाताई आभार मानताना म्हणाल्या, सरांच्या घरच्या भाग्यवान आहेत.

सौ. असत्या तर त्यांनाही पहिल्या रांगेत बसवले असते.

घरी आलो. कुलूप काढले. आत कोणी नसताना कुलूप काढायची सवय अजून होत नाही. वाचन: पान चौदाच. ट्रंकेवर पुन्हा अंगठा.

१० मार्च, संध्याकाळ

सत्यजीतचा फोन. आबा, पेटी आली.

मी म्हणालो, सौ.ना वाजवायला सांग, मी ऐकतो. सत्यजीत म्हणाला, काय वाजवायला? मी म्हणालो, काहीही, सा लावला तरी चालेल. तो म्हणाला, आबा, रिकामी हाय ती. आत काहीच न्हाई. नुसतं लाल कापड.

मी म्हणालो, नीट बघ.

तो म्हणाला, थांबा, आई बोलतीय. मग सौ. आल्या. आवाज इतका मोकळा मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. म्हणाल्या, अहो, किती छान पाठवलीत! मी म्हणलं तुम्ही आपली ती पत्र्याचीच पाठवाल. तिचा गंज लागतो साड्यांना. ही हलकी हाय, मूठ हाय, आतनं मऊ कापड हाय. इथं घेतलेल्या सगळ्या साड्या बसल्या, म्हाळसाची झबली पण बसली. रश्मी म्हणती, आई, आबांनी कुठनं शोधली असंल? मी म्हणलं, मलाच नवल वाटतंय. लग्नाला अडतीस वर्षं झाली, सांगितलेलं पहिल्यांदा ऐकलंत.

मी 'हं' म्हणालो. माझ्या आयुष्यातले सर्वांत लहान भाषण.

मग म्हणाल्या, बरं झालं. त्या जुन्या पेटीसाठी होळीला यावं लागणार हुतं. आता यायचं काम न्हाई ऱ्हायलं. तुमची बी दगदग वाचली. जेवलात का?

जेवलो, म्हणालो.

११ मार्च

मोबाइल पुन्हा इंग्रजीत करून लिलावाचे पान पाहिले. 'हार्मोनियम केस' असे लिहिले आहे. केस म्हणजे पेटी. भाषांतर अचूक आहे. मराठीचा यात काही दोष नाही.

कुरियरवालेही खोटे बोलले नाहीत. हवेचे भाडे घेतले, हवा पोहोचवली.

विक्रेत्याला निषेधपत्र लिहायला बसलो. 'महोदय' लिहिले. पुढे काही सुचले नाही. असे आजवर झाले नव्हते.

१३ मार्च, होळी

गेणबा पुरणपोळी घेऊन आला. म्हणाला, वहिनी आल्या न्हाईत? मी म्हणालो, त्यांची सोय झाली आहे. तो म्हणाला, पेटी पोचली म्हणं. मी म्हणालो, पोचली. दोघांनी पुरणपोळी खाल्ली. जाताना म्हणाला, आप्पा, तब्येत बरी हाय न्हवं? आज बोलला न्हाईत.

तो गेल्यावर मधल्या खोलीत गेलो. पलंग बाजूला केला आणि ट्रंक दोन्ही हातांनी ओढून उजेडात आणली. पुसली. झाकणावर पांढऱ्या रंगात लिहिलेले नाव धुळीखालून वर आले: सारजा. सौ.च्या माहेरचे लोक नाव लिहून देत, हरवू नये म्हणून. या घरात ही पेटी अडतीस वर्षे आहे, आणि मी तिला ट्रंक म्हणतो.

कुलूप लावलेले. आत काय आहे मला माहीत नाही. हलवून पाहिली. कपड्यांच्या मध्ये काहीतरी लाकडी वाजले. शाळेतली ती हार्मोनियम मोडीत निघाली तेव्हा सौ. एकदा शाळेत जाऊन आल्या होत्या, हे आत्ता आठवले. त्या हार्मोनियमच्या पट्ट्या असतील. लाटणेही असेल. विचारायला हवे होते.

फोन हातात घेतला. सुरुवात चांगली हवी म्हणून थांबलो. 'माता-भगिनींनो' येत होते, ते खोडले. 'सौ.' येत होते, तेही खोडले. फोन ठेवून दिला. म्हणून इथे लिहितो, मग बघून वाचून दाखवीन.

सारजा, पेटी पाठवली ती चुकून. तुझी पेटी इथेच आहे. ती मी पाठवणार नाही, टेम्पोने नाही, कुरियरने नाही. मला ती उघडता येत नाही. किल्ली तुझ्याकडे आहे, आणि किल्लीला लगेजचे तिकीट लागत नाही. उद्या सकाळी तळेगाव ढमढेऱ्यावरून येणाऱ्या न्हावऱ्याच्या एसटीत बस.